किमो द्यायला सिस्टर किती दिवसांत तयार होते?

कोल्हापुरातल्या एका इन्चार्ज सिस्टरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ४० खाटांच्या हॉस्पिटलात दसऱ्यापासून ६ खाटांचं डे-केअर किमो युनिट सुरू होतंय. कॅन्सरचे डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून दोन दिवस येणार. हाताशी ८ सिस्टर, बहुतेक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या), किमो कुणीच दिलेली नाही. ‘मॅनेजमेंट म्हणतंय दोन दिवसांचं ट्रेनिंग उरका. दोन दिवस पुरतात का? नसतील तर किती लागतात? आणि सुरुवात कुठून करू?’

ताई, दोन दिवसांत औषधांची नावं पाठ होतील, पीपीई, म्हणजे अंग झाकणारा संरक्षक पोशाख, चढवायचा-उतरवायचा कसा तेही येईल, आणि भिंतीवर लावायला सर्टिफिकेटही मिळेल. मी २२ वर्षं हे काम करते आहे, त्यातली शेवटची ९ वर्षं नव्या सिस्टरांना शिकवण्यात गेली. दिवसांचा आकडा मी खाली सांगतेच, पण तुमची खरी अडचण आकड्याची नाही. दुपारचे तीन वाजलेत, डॉक्टर पुण्याच्या रस्त्याला लागलेत, पेशंटचा मुलगा शेवटच्या एसटीसाठी घड्याळ बघतोय, आणि तुमच्या २३ वर्षांच्या सिस्टरला वाटतंय की हाताजवळ जरा सूज दिसतेय. त्या क्षणी ती सलाईन बंद करते, की ‘बघू पाच मिनिटं’ म्हणते? सगळं ट्रेनिंग त्या पाच मिनिटांसाठी असतं.

आधी काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच तपासाव्या लागतील, कारण उत्तर त्यावर बदलतं. औषध मिसळणार कोण, फार्मासिस्ट की सिस्टर? बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे औषधाचे कण बाहेर न येऊ देणारं मिसळायचं कपाट, आहे का? किमो चालू असताना आवारात एखादा डॉक्टर असणार का, हॉस्पिटलातला ड्युटीवरचा आरएमओ का होईना? आणि आठवड्याला पेशंट किती? आठवड्याला दोन-तीनच पेशंट असतील तर आठही जणींना शिकवू नका. कुणाचाच हात बसत नाही. चौघी निवडा, त्यांनाच काम द्या. ज्या सहा महिन्यांत जिल्हा परिषदेच्या भरतीला बसणार आहेत त्यांना आधी विचारून घ्या. मी एकदा तिघींना तयार केलं आणि चौथ्या महिन्यात तिघींचीही ऑर्डर आली. आनंदच झाला, पण वॉर्ड रिकामा.

आता माझीच एक गोष्ट सांगते, कारण मी ट्रेनिंग जिथून सुरू करते ते त्यातूनच आलंय. नोकरीचं दुसरं वर्ष, हॉस्पिटलचं नाव नको. कागल भागातली एक शेतकरी बाई, स्तनाचा कॅन्सर, डॉक्सोरुबिसिन चालू. पेशंट ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात तेच. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, मी उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला लावलं होतं, कारण शिर तिथं दिसत होती. मनगटात डझनभर हिरव्या बांगड्या. अर्धं औषध गेल्यावर ती म्हणाली, ‘काय न्हाई ओ सिस्टर, जरा चुणचुणतंय.’ मी म्हणाले, ‘होतं तसं थोडं.’ आणि उरलेलं पुश केलं. तिसऱ्या दिवशी हात लाल, मग फोड, मग जखम. त्वचा लावावी लागली. कॅन्सर बरा झाला तिचा, पण त्या हातानं भाकरी थापता येत नाही. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलं होतं. मला माहिती कमी नव्हती. औषध महाग, वाया गेलं तर सीनियर ओरडतील, ही भीती होती. आणि आपल्याकडचा पेशंट ‘दुखतंय’ म्हणून ओरडत नाही, ‘काय न्हाई’ असं म्हणूनच सांगतो, हे मला तेव्हा ऐकू येत नव्हतं.

म्हणून माझ्या ट्रेनिंगचा पहिला दिवस सिस्टरांचा नसतो, मॅनेजमेंटचा आणि डॉक्टरांचा असतो. एका कागदावर लिहून, सही करून घ्यायचं: शंका आली तर किमो कुणीही सिस्टर थांबवेल, आधी विचारायची गरज नाही, आणि शंका खोटी निघाली तरी वाया गेलेल्या औषधाचा जाब तिला कुणी विचारणार नाही. हे कागदावर येत नाही तोवर मी पुढं शिकवायला घेत नाही. थोडा हटवादीपणा आहे हा, मान्य. पण बाकीचं सगळं या कागदावर उभं राहतं.

मग हात. पहिले आठ-दहा दिवस किमोचं औषध नाहीच. फक्त शिरा. सिस्टरांना वाटतं, सलाईन तर आम्ही रोजच लावतो. लावता, पण घाईतली शिर वेगळी आणि किमोची वेगळी. हाताच्या पुढच्या भागातली, कोपर आणि मनगट यांच्या मधली सरळ शिर शोधायची. कोपराची घडी नको, मनगट नको, हाताची पालथी बाजू तर नकोच. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात तो हात नको. सकाळी कुठंतरी टोचून फसलेली शिर असेल तर तिच्या खालच्या बाजूला पुन्हा टोचायचं नाही, वरच्या भोकातून औषध बाहेर येतं. २२ किंवा २४ नंबरचं इंट्राकॅथ, वर पारदर्शक ड्रेसिंग. पांढरी चिकटपट्टी गुंडाळून जागा झाकायची सवय आपल्याकडे फार आहे, ती मोडा. बांगड्या मनगटावरून वर सरकवून चालत नाही, त्या हातातल्या काढायला सांगा. नवरा असताना बांगड्या उतरवणं अनेक बायकांना जड जातं, तेव्हा ‘दुसऱ्या हातात घाला’ म्हणा, लगेच ऐकतात. उन्हातान्हात राबलेल्या हातांची कातडी जाड असते, सूज डोळ्यांना उशिरा दिसते. म्हणून बोटानं चाचपून बघायला शिकवा, दोन्ही हात शेजारी धरून.

व्हेसिकंट औषध, म्हणजे बाहेर गेल्यास मांस जाळणारं, वाहत्या सलाईनच्या बाजूच्या पोर्टमधून हळूहळू पुश करायचं आणि दर दोन-तीन मिलिला रक्त परत येतंय का बघायचं. हाताच्या शिरेतून असं औषध पंपावर लावून निघून जायचं नाही. शिर फुटली तरी पंप ढकलत राहतो. शंका आली की आधी बंद. इंट्राकॅथ लगेच उपटू नका. त्यालाच सिरिंज लावून जेवढं परत ओढता येईल तेवढं ओढा, मग काढा. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, विनक्रिस्टिनला गरम. हे उलटं झालं तर नुकसान वाढतं, म्हणून एक्स्ट्राव्हेजेशन (औषध शिरेबाहेर जाणं) किटच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कडेनं पेनानं रेघ, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी फोन. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन हा उतारा आहे, पण तो पहिल्या ६ तासांत सुरू व्हावा लागतो आणि महाग आहे. तो कुठून येणार, कोण आणणार, पैसे कोण देणार हे दसऱ्याच्या आधी ठरवा. त्या दिवशी फोनाफोनी करून ६ तास पुरत नाहीत.

औषध मिसळण्याचं शिकवायला माझी एक युक्ती आहे, खर्च शून्य. रिकाम्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी भरा, टेबलावर पांढरा कागद अंथरा, पांढरे ग्लोव्ह्ज घाला आणि म्हणा, ‘आता दहा व्हायल काढून सलाईनमध्ये घाला.’ पहिल्या बॅचला टेबलावर रंगपंचमी होते. मनगटावर, बाटलीच्या गळ्यावर, एकदा तर एकीच्या चष्म्यावर. व्हायलमध्ये जास्त हवा ढकलली की सुई बाहेर येताना फवारा उडतो, हे समजावून सांगण्यापेक्षा दिसलेलं बरं. आमच्या वेळी आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर, वर पंखा चालू, एक साधा ग्लोव्ह घालून हे करायचो. कॅबिनेट नसेल तर मिसळू नका, असंच मी म्हणेन. फार्मसीत किंवा जवळच्या मोठ्या केंद्रात मिसळून घेण्याची सोय होते का बघा. साधा सर्जिकल मास्क तिथं काही कामाचा नाही. दोन जोड ग्लोव्ह्ज, मागून बंद होणारा, पाणी न झिरपणारा गाऊन, डोळ्यांना शील्ड, आणि सांडलेलं पुसायचं असेल तर एन-९५.

इथंच एक नाजूक मुद्दा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या सिस्टरनं हे औषध मिसळू नये, देऊ नये. नियम सगळे लिहितात. पण आपल्याकडे तीन महिने होईतो कुणी सांगत नाही, आणि जपायचे तर तेच तीन महिने. त्यामुळे मी नियम असा ठेवते: कुणीही, कधीही, ‘आज मी मिसळणार नाही’ एवढं म्हणावं, कारण विचारायचं नाही, रजिस्टरमध्ये लिहायचं नाही. इन्चार्ज म्हणून तुमच्या मनात जे यायचं ते येऊ द्या, चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

आता हिशेब. बीएसए, म्हणजे शरीराचं पृष्ठफळ, काढायला प्रत्येकीला आलंच पाहिजे, मोबाइलवर ॲप असलं तरी. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. १५० सेंमी आणि ५४ किलोची बाई घ्या: ८१००, भागिले ३६०० म्हणजे २.२५, वर्गमूळ १.५. डॉक्सोरुबिसिन ६० मिग्रॅ प्रति चौरस मीटर असेल तर ९० मिग्रॅ. वजन प्रत्येक सायकलला, म्हणजे किमोच्या प्रत्येक फेरीला, त्याच काट्यावर, चपला आणि शाल काढून. १० टक्क्यांनी खाली-वर झालं तर डॉक्टरांना फोन.

डबल चेक ही गोष्ट सगळीकडे असते आणि सगळीकडे खोटी होते. दुसरी सिस्टर येते, पहिलीनं लिहिलेला आकडा बघते, ‘बरोबर आहे’ म्हणते, सही. २००६ साली कॅनडात एडमंटनला एका बाईला फ्लुओरोयुरासिलचा चार दिवसांचा पंप लावला होता. २४ तासांत २८.८ मिलि जायचं होतं, म्हणजे ताशी १.२. चार दिवसांनी भागलं गेलं, २४ तासांनी भागायचं राहिलं, आणि पंपावर ताशी २८.८ लावलं गेलं. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं, ती बाई वाचली नाही. त्या आकड्याची पडताळणी दुसऱ्या नर्सनंही केली होती. अनुभवी माणसांच्या हातून, चांगल्या केंद्रात. म्हणून दुसरीनं पहिलीचा कागद बघायचाच नाही. मूळ ऑर्डर घ्यायची, दुसऱ्या टेबलावर बसायचं, स्वतः हिशेब करायचा, मग दोन कागद शेजारी ठेवायचे. मी ट्रेनिंगमध्ये मुद्दाम चुकीच्या ऑर्डरी घालते. पहिल्या आठवड्यात निम्म्या सुटतात. आणि पकडणारीला सगळ्यांसमोर चहा-कटवडा माझ्याकडून. हसू नका, त्यानं फरक पडतो.

नावाचा घोळ तर आपल्याकडचा खासच. एका दिवशी वॉर्डात तीन पाटीलकाकू, त्यातल्या दोघी करवीर तालुक्यातल्या. ‘तुम्ही पाटीलच ना?’ विचारलं की उत्तर ‘व्हय की!’ हेच येणार. सिस्टरनं विचारलं म्हणजे बरोबरच असेल, असं पेशंटला वाटतं. त्यामुळे नाव आपण घ्यायचं नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं: पूर्ण नाव सांगा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं सांगा. मग रजिस्ट्रेशन नंबर फाईलशी आणि बाटलीशी जुळवायचा. खाट नंबर म्हणजे ओळख नव्हे. जन आरोग्य योजनेची फाईल आणि वॉर्डची फाईल वेगळी असते, तिथंही कागद इकडचे तिकडे होतात. ते एकदा डोळ्यांखालून घाला.

औषधांची सुरुवात कुठून, तर पहिल्या सहा महिन्यांत आठ-दहाच औषधं ठेवा, आणि डॉक्टरांकडून तशी यादी लिहून घ्या. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन तुमच्याकडे येणारच. पॅक्लिटॅक्सेलला साधा पीव्हीसी सेट चालत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लागतो. ते पहिल्या भेटीतच भांडतं: रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसच्या पहिल्या दहा मिनिटांत. कार्बोप्लॅटिन उलट, सहा-सात डोस गुण्यागोविंदानं जातात आणि मग एक दिवस फिरतं. त्यामुळे ‘या काकूंना काही होत नाही, नेहमीच्याच आहेत’ हे वाक्य वॉर्डात बंद करा. ऑक्सालिप्लॅटिन फक्त डी-फाइव्हमध्ये (साखरेची सलाईन), एनएसमध्ये (मिठाची सलाईन) कधीच नाही, आणि त्या पेशंटला गार पाणी द्यायचं नाही. घसा आवळल्यासारखा होतो. विनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचंच नाही, ५० मिलिच्या छोट्या सलाईनमध्येच घालायचं. ते चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस बहुधा जातोच, आणि जगभर अशा घटना झाल्यानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये हीच सूचना दिली. तुम्ही पहिलं वर्ष कण्यातून द्यायची किमो आणि लहान मुलं दोन्ही घेऊ नका.

रिॲक्शनसाठी डॉक्टरांची कायमची ऑर्डर सहीनिशी हवी. औषध बंद, नवा सेट लावून एनएस चालू, ऑक्सिजन, आणि श्वास किंवा बीपी बिघडत असेल तर ॲड्रिनॅलिन ०.५ मिग्रॅ, म्हणजे १ मिग्रॅच्या ॲम्प्युलमधलं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. शिरेत नाही. डॉक्टर पुण्याच्या वाटेवर असतील तर फोन नंतर. आणि पहिला सायकल नेहमी सकाळी, आवारात डॉक्टर असताना. दुपारी दोननंतर नवीन पेशंट सुरू करू नका, मग कितीही ओळखीचा असो.

मावशी आणि मामांना वगळून ट्रेनिंग पूर्ण होत नाही. किमोनंतर ४८ तास लघवी, उलटी, घाम सगळ्यांत औषध असतं. बेडपॅन उचलतात त्या, फरशी पुसतात त्या, आणि ग्लोव्ह्ज मिळतात शेवटी त्यांना. रिकाम्या बाटल्या, सेट, ग्लोव्ह्ज हे ‘सायटोटॉक्सिक’ (पेशींना मारक) असं लिहिलेल्या पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे तो १२०० अंशांच्या वर जाळायचा असतो, तेव्हा कचरा नेणाऱ्यांना आधी तसं कळवा. घरी जाणाऱ्या पेशंटला सांगा: संडास दोनदा पाणी टाकून, झाकण लावून, कपडे वेगळे धुवून.

तापाचा कागद प्रत्येकाच्या हातात द्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी फोन करायचा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. तो फोन कोण उचलणार आणि उचलून काय विचारणार, हेसुद्धा ट्रेनिंगच आहे. मी जोड्या लावून खोटे फोन करायला लावते. एकीनं राधानगरीचा वैतागलेला नवरा व्हायचं, दुसरीनं सिस्टर. पहिल्यांदा सगळ्या हसतात, तिसऱ्या फोनला कुणी हसत नाही.

४६ तासांचे घरी न्यायचे पंप मात्र सध्या नकोत. पंप काढायला पेशंट परत यावा लागतो, आणि २०१९ च्या ऑगस्टचा नि २०२१ च्या जुलैचा महापूर आपण विसरलेलो नाही. शिरोलीला हायवेवर पाणी आलं की शिरोळ, हातकणंगलेकडचा पेशंट तिकडंच. पुढच्या पावसाळ्याआधी घेणार असाल तर चिखली-आंबेवाडीपासून सगळ्यांची यादी करून, पंप कुठं निघेल हे ठरवून घ्या.

आता दिवस. माझ्या पद्धतीत दोन आठवडे वर्ग, हिशेब, शिरा आणि रंगीत पाणी. मग दोघी-दोघींना चालत्या केंद्रात तीन-चार आठवडे पाठवायचं. परळच्या टाटाला किंवा जवळच्या कुठल्याही चालू किमो वॉर्डात, निदान २५ वेळा औषध देताना बघायचं. परत आल्यावर शेजारी अनुभवी माणूस उभं असताना २० वेळा द्यायचं, त्यात व्हेसिकंट सगळ्यात शेवटी. एकूण तीन महिने धरा. हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, कुणाचा हात दहा वेळांत बसतो, कुणाला चाळीस लागतात. दरवर्षी एकदा पुन्हा तपासायचं, मलाही. शक्य झालं तर एकीला तरी ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करायला पाठवा. ती परत आली की बाकीच्यांना शिकवायला मग बाहेरून माणूस बोलवावा लागत नाही.

दसऱ्याचं उद्घाटन पुढं ढकलता येत नसेल तर नारळ फोडू द्या. रिबन कापली म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्सोरुबिसिन द्यावं लागत नाही. पहिले दोन-तीन महिने तिथं रक्त भरणं, आयर्न, हाडांसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिड, पोर्ट फ्लश (त्वचेखाली बसवलेला पोर्ट धुणं), असली कामं करा. खाटा भरलेल्या दिसतात, मॅनेजमेंट शांत राहतं, आणि तुमच्या चौघींचा हात तेवढ्यात बसतो. डॉक्टरांनी औषधांची यादी दिली की मला कळवा. त्यात विनक्रिस्टिन आणि पंप दोन्ही असले तर आधी त्यांच्याशीच बोलावं लागेल.